गॅस, दिवे, मुलगी

कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या त्या घरात आम्ही जवळजवळ सहा वर्षं राहिलो, पण ‘येतो हं काका’ एवढंच म्हणून बाहेर पडणं आम्हाला एकदाही जमलं नाही. आम्ही वरच्या मजल्यावर, घरमालक खाली. जिना उतरला की शेवटच्या पायरीसमोर ते उभे असायचे. पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि हातात झाडांना पाणी घालायची झारी. झारी खाली ठेवायची, चष्मा वर सरकवायचा आणि विचारायचं, “गॅस?”

“हो काका, केला.”

“काय केला?”

“बंद.”

“पूर्ण बोल.”

“गॅस बंद.”

“गॅस बंद,” असं ते स्वतः पुन्हा म्हणायचे आणि उजव्या हाताचं बोट आमच्या स्वयंपाकघराच्या दिशेने रोखायचे. मग दिवे, मग नळ, मग कुलूप. चारही उत्तरं मोठ्याने आणि पूर्ण दिल्याशिवाय फाटक उघडत नसे, कारण फाटकाची कडी त्यांच्या पाठीमागे होती. पहिल्या महिन्यात मी नवऱ्याला म्हटलं, की आपण घर भाड्याने घेतलंय की इथे आपली परीक्षा चालू आहे? नवऱ्याचं मत वेगळं होतं. तो दुसऱ्याच आठवड्यापासून उत्तर देताना बोट दाखवायला लागला होता.

काका रेल्वेत ट्रॅफिक इन्स्पेक्टर होते. गार्डन रीचच्या रेल्वे मुख्यालयात साहेबांना अहवाल द्यायचे आणि उरलेला वेळ स्टेशनांवर अवचित जाऊन उभे राहायचे. इंजिनात म्हणे अशी पद्धत असते, की सिग्नल दिसला की ड्रायव्हरने त्याचा रंग मोठ्याने सांगायचा आणि शेजारच्या सहायकाने बोट दाखवून तोच पुन्हा म्हणायचा. दोघांनाही तो स्वच्छ दिसत असतो, तरी म्हणायचाच. मी विचारलं, “दिसतोय तर बोलायचं कशाला?” ते म्हणाले, “दिसलं असं वाटणं वेगळं आणि दिसणं वेगळं. तोंडाने बोललं की कळतं कुठलं आहे ते.” निवृत्तीनंतर इंजिन गेलं, स्टेशनं गेली, पद्धत मात्र ते घरी घेऊन आले होते. गल्लीतले बंगाली लोक त्यांना इन्स्पेक्टरबाबू म्हणायचे आणि ब्लॉकच्या पूजेच्या मांडवाची वायरिंग त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय दिवे लागत नसत.

त्यांचे वडील वाईहून कोलकात्याला आले आणि काका इथेच जन्मले. महाराष्ट्रात ते उभ्या आयुष्यात चार-पाचदा गेले असतील. एकदा पुण्याला भाचीच्या लग्नाला गेले, तेव्हा मंगल कार्यालयाच्या जिन्याचा कठडा हलतो म्हणून मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी त्यांनी मॅनेजरला बोलावून घेतलं होतं. त्यांची मराठी वडिलांच्या काळातली, जपून ठेवलेली. मधूनच मात्र तिच्यातून कोलकाता डोकावायचं. “थांब, चहा खाऊन जा,” ते म्हणायचे. इथे चहा, पाणी, सिगारेट, सगळंच खातात. काकू बंगाली शाळेत शिकवायच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

आमची मुक्ता झाली तेव्हा काका वर येऊन पाळण्यापाशी उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले. वाकून त्यांनी तिला विचारलं, “काय, ठीक?” तिने जांभई दिली. “ठीक,” ते म्हणाले आणि खाली गेले. त्यांनी तिला कधी उचलून घेतलं नाही. मी एकदा पुढे केली तर दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले की ज्या कामाचं प्रशिक्षण घेतलेलं नाही ते माणसाने करू नये.

मुक्ता दोन महिन्यांची असताना तो प्रसंग घडला, ज्यामुळे मी काकांची टिंगल करणं कायमचं सोडलं. तिला लस टोचायला न्यायचं होतं. रिक्षा फाटकाशी आलेली. माझ्याकडे बाटल्यांची पिशवी, दुपटी, फाइल. नवऱ्याकडे छत्री, डायपर आणि बाळाची घडीची गाडी. कुलूप लावून आम्ही धडधडत खाली आलो. काकांनी झारी ठेवली.

“गॅस?”

“गॅस बंद.”

“दिवे?”

“दिवे बंद.”

नळ, कुलूप, सगळं यथासांग झालं. कडीला हात घालता घालता ते थांबले. माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि अगदी त्याच सुरात विचारलं, “मुलगी?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे. त्याला वाटलं होतं ती माझ्याकडे आहे, मला वाटलं होतं त्याच्याकडे. मुक्ता वर कुलूपबंद घरात पाळण्यात पडून पंख्याकडे बघत होती. हातातलं सगळं तिथेच टाकून आम्ही वर पळालो. खाली आलो तेव्हा काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की उद्यापासून प्रश्न पाच. शिवाय मुलगी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना देणाऱ्याने ‘मुक्ता दिली’ म्हणायचं आणि घेणाऱ्याने ‘मुक्ता घेतली’ म्हणायचं. मोठ्याने, पूर्ण. दुसऱ्याने म्हटल्याशिवाय पहिल्याने हात सोडायचा नाही.

आम्ही ते पाळलं. लग्नसमारंभात पाळलं, बाजारात मासे घेताना पाळलं. मासेवाला म्हातारा एकदा नवऱ्याला म्हणाला, तुमच्यात रोज बारसं असतं का?

त्या प्रसंगानंतर तीन महिने आई सांगलीहून येऊन राहिली होती. मग वहिनीचे दिवस भरत आले आणि ती परत गेली. सासूबाई नागपूरला, त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. माझी रजा जानेवारीत संपत होती. बाळंतपणाआधीच माझी बढतीची मुलाखत झाली होती आणि बँकेच्या सॉल्ट लेकच्याच शाखेत कर्जविभाग माझ्याकडे येणार होता. त्यासाठी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी मी खुर्चीत असायला हवं होतं. नसले तर ती खुर्ची दुसऱ्याची आणि मी पुन्हा रांगेच्या शेवटी. सासूबाई फोनवर म्हणायच्या, वर्षभर बिनपगारी रजा घे गं, लेकरू काय पुन्हा लहान होणार आहे? आई म्हणायची, बाई, सोडू नकोस नोकरी. मी दोघींनाही हो म्हणायचे.

पाळणाघर शोधायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने परस्पर काकांना सांगितलं. त्याचं ऑफिस हावड्याला एका सरकारी कंपनीत, सकाळी सातलाच निघावं लागायचं, तेव्हा माझ्याबरोबर कुणीतरी जाणकार असावं, असा त्याचा हिशोब. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली काका तयार होते. डोक्याला मफलर, काखेत एक जुनी लांबट वही, खिशात बॅटरी आणि खोलीचं तापमान मोजायचा थर्मामीटर.

“फोन करून जायचं नाही,” ते म्हणाले. “आणि दुपारी जायचं. सकाळी सगळेच चांगले असतात.”

पहिलं पाळणाघर सेक्टर फाइव्हकडे होतं. काचेचा दरवाजा, भिंतीवर जिराफ, स्वागताला बसलेल्या हसऱ्या मुलीच्या हातात टॅब्लेट. तिने सांगितलं, की इथे सहा महिन्यांच्या बाळाच्या मेंदूला तीन भाषांची चालना देतात. काकांनी विचारलं, तीन भाषा बोलणार कोण? ती म्हणाली, स्क्रीन. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मुलांची झोपायची खोली बघायची परवानगी मागितली. आत गेल्यावर त्यांनी चपला काढल्या, मफलर सोडून घडी केली आणि दोन पाळण्यांच्या मधे लादीवर ते चक्क उताणे झोपले.

ती मुलगी घाबरून पहारेकऱ्याला हाक मारायला गेली. मी खाली वाकून म्हटलं, “काका, काय करताय?”

“छत बघतोय,” ते म्हणाले. “बाळ दिवसभर छत बघणार आहे. आजवर कुणी बघितलंय का ते?”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एसीची जाळी बरोबर पाळण्यांवर होती आणि थंड हवा थेट तोंडावर येत होती. वहीत फुली पडली.

त्यानंतर प्रत्येक पाळणाघरात काका आडवे झाले. मालकिणीशी ते बोलायचेच नाहीत. तिला काय विचारायचं, ती पास व्हायलाच बसलीये, असं त्यांचं मत. ते लादी पुसणारीशी बोलायचे, बाटल्या धुणारीशी बोलायचे. तिसरं पाळणाघर मला फार आवडलं होतं. एका प्राध्यापकाच्या विधवा पत्नी घरातच ते चालवायच्या. प्रेमळ बाई, गळा गोड, मांडीवर एक मूल, पाठीवर एक. काकांनी विचारलं, “मुलं किती?” त्या हसून म्हणाल्या, आठ-नऊ. काका म्हणाले, “आठ की नऊ?” त्या म्हणाल्या, कधी आठ, कधी नऊ, देवाची फुलं ती, मोजायची कशी? काकांनी छतसुद्धा बघितलं नाही. बाहेर येऊन चपला घालताना म्हणाले, “चल. इथे एक जण रोज अधांतरी आहे.”

पाचव्याला नवऱ्याने भाबडेपणाने आधी फोन करून ठेवला. लादी ओली होती. काका दारातूनच मागे फिरले, कारण लादी आपल्यासाठी पुसलेली होती. सातव्यात बारा मुलं ओळीने बसली होती आणि बाराच्या बारा माकडटोपीत. खिडक्या बंद. बाहेर चांगलं ऊन पडलेलं. थर्मामीटर सत्तावीस दाखवत होता. थंडी बाधेल, ही कोलकात्यातली सार्वत्रिक धास्ती आहे. मुक्ताला घेऊन बाहेर पडलं की अनोळखी ऑटोवालासुद्धा मला तिचे कान झाकायला सांगायचा. पण बारा घामेजलेल्या टोप्या बघून काकांनी स्वतःचा मफलर काढून खिशात टाकला आणि फुली मारली.

आठ पाळणाघरं झाली, आठ फुल्या पडल्या. मी रोज घरी येऊन नवऱ्यासमोर काकांच्या नावाने बोटं मोडायचे. हा माणूस राजवाडासुद्धा नापास करेल म्हणायचे. आणि मग आत जाऊन मुक्ताला कुशीत घेतलं की जे वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला बरं वाटायचं. प्रत्येक फुलीला बरं वाटायचं. अजून एक दिवस मिळाला, असं वाटायचं.

नववं पाळणाघर गुरुवारी होतं. सोमवारी मला हजर व्हायचं होतं. त्या दुपारी बँकेत डॉक्टरचा दाखला द्यायचा होता, म्हणून मी काकांना म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी मुक्ताला घेऊन तीनपर्यंत येते. काका दीडलाच निघाले. मुलं जेवून झोपायची ती वेळ, त्यांच्या भाषेत सगळ्यात धोक्याची.

मी पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते. एका दुमजली घराचा तळमजला, मागे छोटं अंगण, दोरीवर दुपटी. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका बारीक बाईने. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. तिला सगळे माशी, म्हणजे बंगालीतली मावशी, म्हणायचे. हावड्याहून रोज बसने यायची. मी तोंड उघडणार तोच तिने ओठांवर बोट ठेवलं.

“चुप. दादू घुमोच्छेन.”

आजोबा झोपलेत म्हणजे कोण, हे मला कळेना. मी आत डोकावले. गादीवर सात मुलं ओळीने झोपली होती आणि ओळीच्या शेवटी आठवे काका. उताणे, तोंड किंचित उघडं, घोरणं एका लयीत. लोळून खाली पडू नयेत म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंना उशा लावलेल्या. छातीवर बदकांची नक्षी असलेलं दुपटं, जेमतेम पोटापर्यंत पुरलेलं. चष्मा काढून कुणाचा पाय पडणार नाही अशा उंच फळीवर ठेवलेला. मफलरची घडी उशाशी.

मला हसू आवरेना, पण माशी गंभीर होती. तिने मला हळूच बाजूला नेऊन वही दाखवली. मुलाचं नाव, आलं कधी, खाल्लं काय, झोपलं कधी, उठलं कधी, शी-शू. सात नावं आणि शेवटी आठवं, ‘दादू’. मग तिने मला बंगालीत रीतसर अहवाल दिला. दोनला दहा मिनिटं कमी असताना आले. छत बघतो म्हणून आडवे झाले. पाच मिनिटांत डोळा लागला. झोपेत एकदा दचकून ओरडले, पण ती भाषा तिला कळली नाही, आपली नव्हती. तिने थोपटलं, मग शांत झाले. पाणी प्यायलेले नाहीत, उठल्यावर द्यावं. शी-शूच्या रकान्यात तिने प्रामाणिकपणे आडवी रेघ मारली होती.

ती बोलत असताना एक मूल कुरकुरलं. माशीचं वाक्य तिथेच थांबलं आणि ती गेली. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. मुक्ता माझ्या खांद्यावरून तिच्याकडे टक लावून बघत होती.

काका उठले. आधी त्यांनी छत पाहिलं, मग बदकं पाहिली, मग दोन्हीकडच्या उशा, मग मला. ताडकन उठून बसले. माशीने एका हाताने चष्मा दिला, दुसऱ्या हाताने पाण्याचा पेला. पाणी पिऊन त्यांनी दुपट्याची नीट घडी केली, वही काखेला मारली आणि बाहेर पडले. ऑटोत वही त्यांनी मांडीवर पालथी ठेवली होती.

संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा ते अंगणात खुर्चीवर वही उघडून बसले होते. मला वाटलं, आता पहिल्यांदाच बरोबरची खूण बघायला मिळणार. वहीत लिहिलं होतं, ‘क्रमांक नऊ. निरीक्षण अपूर्ण.’ ते म्हणाले, “उद्या क्रमांक दहा.”

“काका, तिथे वाईट काय होतं?”

“मला माहीत नाही. मी झोपलो होतो.”

“मी जागी होते. मी बघितलंय.”

त्यांनी वही मिटली. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. “छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ड्युटीवरच्या झोपा लिहिल्या,” ते म्हणाले. “एकाची तर सलग दुसरी पाळी होती. बायको दवाखान्यात होती त्याची. मी लिहिलं. झोपलेल्या माणसाच्या शब्दावर गाडी सोडता येत नाही, पोरी.”

खरं तर त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही आणि सोमवार चार दिवसांवर आला होता. मी जे आजवर नवऱ्यालाही बोलले नव्हते ते त्यांना बोलले.

“तुम्ही फुली मारलीत की मला बरं वाटतं, काका. आठ वेळा बरं वाटलं. उद्या दहाव्यालाही माराल, सोमवारी मी घरी बसेन आणि जन्मभर सांगत फिरेन की घरमालकांना एकही पाळणाघर पसंत पडलं नाही. मला कुठलंच छत नकोय. मला तिला सोडायचीच भीती वाटते. आज पहिल्यांदा कमी वाटली. त्या बाईने तुम्हालासुद्धा वहीत लिहिलं होतं.”

काकांनी झारी उचलून तुळशीला पाणी घातलं. शेजारच्या घरात कुणीतरी शंख फुंकला. मी डोळे पुसले आणि विचारलं, की तुमची सही नसली तर नसू दे, माझी चालेल का?

“तू जागी होतीस?”

“होते.”

“पूर्ण बोल.”

“मी जागी होते, काका.”

“मग चालेल,” ते म्हणाले. पण वहीत त्यांनी काहीही बदललं नाही. शुक्रवारी आणि शनिवारी ते माझ्याशी बेताचंच बोलले. शनिवारी दुपारी कुठेतरी गेले आणि दिवेलागणीला परतले. मी समजले की माणूस दुखावलाय. छत्तीस वर्षांत न झालेली गोष्ट माझ्यासमोर झाली होती, बदकांच्या दुपट्यासकट.

सोमवारी नवरा नेहमीसारखा सातला हावड्याला गेला. मी साडी नेसले, पुन्हा सोडली, पुन्हा नेसले. मुक्ताची पिशवी तीनदा भरली. साडेआठला जिना उतरले. काका उभे होते.

“गॅस?”

“गॅस बंद.”

दिवे, नळ, कुलूप झालं. “मुलगी?”

“मुलगी घेतली.”

ते हात पाठीमागे बांधून वाकले. “काय, ठीक?” त्यांनी तिला विचारलं. तिने त्यांच्या मफलरचं टोक धरलं. ते त्यांनी हळूच सोडवून घेतलं आणि फाटक उघडलं. मी विचारलं, येताय का बरोबर? झाडांना पाणी घालायचंय, असं ते म्हणाले. झाडं सगळी ओली होती.

पाळणाघराच्या दारात माशी उभी होती. माझ्या खांद्यावरची पिशवी तिने घेतली, आत ठेवली आणि कमरेला खोचलेला एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. दादूंनी दिलाय, म्हणाली, शनिवारी आले होते. त्या लांबट वहीचं पान होतं ते, आणि अक्षर ओळखीचं.

‘क्रमांक नऊ. निरीक्षक ड्युटीवर झोपला. स्टाफ जागा होता. गाडी सोडावी.’

खाली सही, पूर्ण नावाची, हुद्द्यासकट.

मला पुढचं नीट दिसेना. मी मुक्ताला पुढे केलं. माशी हात पसरून उभी होती, पण घेत नव्हती. आतून पाळणाघराच्या मालकीणबाई म्हणाल्या, अगं घे ना मुलीला, त्यांना उशीर होतोय. माशीने मान हलवली. दादूंनी शिकवून ठेवलंय, ती बंगालीत म्हणाली, आईने तोंडाने सांगितल्याशिवाय घ्यायची नाही.

“दिली,” मी कसंबसं म्हटलं.

माशी जागची हलली नाही. हात तसेच पसरलेले, नजर माझ्या तोंडाकडे. मुक्ता मात्र मजेत होती, माशीच्या बांगड्यांकडे झेपावत होती. मी एक मोठा श्वास घेतला.

“मुक्ता दिली.”

माशीने उजव्या हाताचं बोट मुक्ताकडे रोखलं, ओठ जुळवले आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मराठी बोलली.

“मुक्ता घेतोली.”

मग मी हात सोडला.